काशीआतेची धाप

विजयदुर्गात आमचं घर जेटीपासून वर, टेकडीच्या अंगावर आहे. खाली मासळी उतरते तिथून घरापर्यंत जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची पाखाडी जाते. मध्यावर ती एक वळण घेते. त्या वळणावर माझी काशीआते मेली, माझ्या जन्माच्या पंधरा वर्षं आधी.

काशीबाई ही बाबांची धाकटी बहीण. बावीस वर्षांची होती, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. मूल आठ दिवसांत गेलं. दोन महिन्यांनी एका सकाळी ती खालच्या विहिरीवरून कळशी घेऊन वर येत होती. वळणावर टेकली आणि पुन्हा उठली नाही. तेव्हापासून वाडीत बोललं जायचं, की काशी तिथंच उभी आहे, तिला सोबत हवी आहे, आणि मोंडकरांच्या, म्हणजे आमच्या घरच्या, लेकी वर चढू लागल्या की ती त्यांच्या छातीवर हात ठेवते. लेकींच्याच. सुनांच्या वाटेला ती जात नाही. माझी आई, शर्मिला, लग्न होऊन आल्यापासून डोक्यावर मासळीची पाटी घेऊन ती पाखाडी दिवसातून चारदा चढली, तिला कधी साधी धाप लागली नाही.

बाबा, गंगाराम मोंडकर, स्वतःच्या होडीवर जाणारे. अंगानं दणकट, बोलायला कमी. दर वर्षी म्हाळाच्या पंधरवड्यात ते त्या वळणावर हिरवं लुगडं, बांगड्या आणि नारळ ठेवायचे. माझी थोरली बहीण भक्तीताई आणि मी मागे उभ्या. बाबा हात जोडून हळू आवाजात गाऱ्हाणं घालायचे, की काशी, तुका काय होया ता घे, पण माझ्या चेडवांका सांभाळ. एरवी शाळेतून येताना मी त्या वळणावरून श्वास रोखून धावत जायचे. ताईला मात्र धावता यायचं नाही. ती दहावीत असल्यापासून तिथे थांबायची, भिंतीला हात लावायची, आणि आम्ही सगळे तिकडे बघायचं टाळायचो.

ताईचं लग्न खारेपाटणला विनीतशी झालं. त्यांचं बाजारपेठेत कापडाचं दुकान. वर्षभरात इशिता झाली आणि बाळंतपणानंतर ताईचे पाय सुजायला लागले, जिना चढून माडीवर गेली की ती पलंगावर आडवी व्हायची. सासू म्हणायची, आमच्यावेळी तिसऱ्या दिवशी आम्ही चुलीपाशी होतो. ताईनं फोनवर हे मला हसत हसत सांगितलं होतं. इशिता पाच महिन्यांची असताना ती चार दिवस माहेरी आली. मी तेव्हा अठरा वर्षांची, बारावीची परीक्षा तोंडावर. तिला आणायला खाली एस.टी.पर्यंत गेले होते. इशिता माझ्या कडेवर होती, पिशवी ताईकडे.

निम्म्यावर येईपर्यंत ती चार वेळा थांबली. वळणावर म्हणाली, "आनंदी, वायच थांब गो. छातीर कोणी बसल्यासारख्या वाटता."

मला ऊन लागत होतं, पोर रडत होती. आणि त्या जागी मला क्षणभरही थांबायचं नव्हतं.

"किती नाटकां करतंस गो ताई," मी म्हणाले आणि पुढे चालू लागले.

दहा-बारा पायऱ्या चढून मागे बघितलं तर ती बसली होती. ओठ जांभळे पडलेले. मी ओरडले, खालून माणसं धावत आली, खाटेवर घालून तिला गाडीपर्यंत नेलं. देवगडला पोचण्याआधीच ती गेली. सव्वीस वर्षांची होती.

बाराव्या दिवशी बाबा कधी नव्हे ते बोलले. विनीतच्या आईला सगळ्यांसमोर म्हणाले, की ओल्या बाळंतिणीला राबवून तुम्ही मारलंत. ती माणसंही गप्प बसली नाहीत. झपाटलेल्या घरातली मुलगी आमच्या गळ्यात बांधलीत, म्हणाली. इशिताला घेऊन ती निघून गेली आणि येणं-जाणं तुटलं. विनीतनं दोन वर्षांनी सारिका नावाच्या मुलीशी दुसरं लग्न केलं, हेही आम्हाला तिऱ्हाइताकडून कळलं. माझं ते वाक्य मात्र कुणाला कळलं नाही. ते मी कुणाला सांगितलंच नाही.

पुढे मी पदवी घेतली, ग्रामपंचायतीत संगणकाचं काम मिळालं. दाखले काढायचे, जन्म-मृत्यूच्या नोंदी करायच्या. अठ्ठावीस वर्षांची झाले तेव्हा घरात माझ्या स्थळांचं बोलणं चालू होतं, आणि त्याच पावसाळ्यात मला वळणावर पहिल्यांदा धाप लागली. मी भिंतीला हात लावला. तिथला दगड गुळगुळीत झाला होता, आणि ताईचा हातही नेमका इथंच असायचा हे मला आठवलं. मानेमागे कुणीतरी माझ्यासारखाच श्वास घेतंय असं वाटलं. मी वळून बघितलं नाही. तशीच घरी आले.

दोन महिने मी लपवलं. मग धाप ऑफिसच्या पाच पायऱ्यांवर लागायला लागली, तेव्हा एक शंका मनात आली. काशीआते तिकडे वळणावर असेल तर इथे काय करतेय? पण शंकेनं भीती जात नाही. उलट वाटलं, की ती आता माझ्याबरोबर चालायला लागली आहे. एका डॉक्टरांनी रक्त कमी आहे म्हणून गोळ्या दिल्या. दुसऱ्यांनी दमा म्हणून फवारा दिला. तिसरे म्हणाले, बहिणीच्या मरणाचा मनावर परिणाम आहे, लग्न करून द्या. शेवटी एके दिवशी ऑफिसात दाखला छापता छापता मी खुर्चीवरून खाली पडले. आईनं बाबांना सांगितलं, की ओटी-नारळ पुरे झालं, हिला कोल्हापूरला न्या.

कोल्हापूरच्या डॉक्टर कावेरी माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी सोनोग्राफीसारखं यंत्र छातीवर फिरवून हृदय बघितलं. दोन दिवसांनी मांडीतल्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत घालून दाब मोजला. मग आम्हा तिघांना समोर बसवून समजावलं. दंडाला पट्टा बांधून मोजतात त्या रक्तदाबाशी ह्याचा संबंध नव्हता. माझा दाब फुफ्फुसांत वाढला होता. तिथल्या बारीक नसांच्या भिंती जाड होत गेल्या होत्या, आतली वाट अरुंद झाली होती, आणि त्यातून रक्त ढकलता ढकलता हृदयाची उजवी बाजू फुगून थकली होती. चढावर तिला जास्त ढकलावं लागतं, म्हणून तिथे धाप आणि भोवळ. बाळंतपणात तर तिच्यावरचा भार फार वाढतो.

मग त्यांनी विचारलं, की घरात आणखी कुणाला असं काही झालं होतं का.

आईनं बाबांकडे बघितलं. बाबांनी खाली मान घालून सगळं सांगितलं, काशीआतेपासून. पाखाडी, वळण, लुगडं, छातीवरचा हात, लेकी आणि सुना, काही वगळलं नाही. मला वाटलं डॉक्टर हसतील. त्या हसल्या नाहीत. त्यांनी कागद घेतला आणि आमच्या घराण्याचा नकाशा काढला. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. ताईचा गोल काळा केला, काशीआतेचा काळा केला, माझाही केला. सुनांच्या वाटेला ती का गेली नाही, हे त्या कागदावर कुणी न सांगताच दिसत होतं. आई त्या रेषांच्या बाहेरून आलेली होती.

"काशीबाईंच्या आधी कुणी होतं का?" त्यांनी विचारलं.

डॉक्टर पेन खाली ठेवणार तेवढ्यात बाबांनी मान वर केली.

"आणिक एक होती," ते म्हणाले. "माझ्या बापाशीची भैण. मी ल्हान होतंय. ती खळ्यात बसान रवायची, वर चढाक जमायचा नाय तिका. नाव माका म्हायत नाय."

डॉक्टरांनी नाव न लिहिता वर आणखी एक गोल काढला आणि काळा केला. बाबा त्याच्याकडे बघत राहिले. चाळीस वर्षं ज्या काशीला ते हात जोडत आले, तिच्याही आधी कुणीतरी होतं. त्यांच्या मनात तेव्हा काय आलं ते त्यांनी मला पुढे सांगितलं. त्यांना वाटलं, मग काशीला कुणी धरलं होतं? आणि तिनं कुणाकडे गाऱ्हाणं घालायचं होतं?

माझं रक्त तपासणीला पाठवलं, नंतर डॉक्टरांच्या सांगण्यावरून बाबांचंही. महिन्याभरानं दोघांचं उत्तर आलं. नसांच्या भिंतींची वाढ आवरून धरणारं एक जनुक असतं, त्याच्या दोन प्रती आपल्याकडे असतात, एक आईची, एक वडिलांची. माझी एक प्रत बिघडलेली होती आणि तोच बिघाड, त्याच जागी, बाबांच्या रक्तात होता. प्रत्येक मुलाकडे तो जाण्याची शक्यता निम्मी. गेला तरी प्रत्येकाला आजार होतोच असं नाही. बायकांत साधारण दहातल्या चौघींना होतो, पुरुषांत त्याहून बराच कमी. बाबांचं हृदय त्यांनी तपासलं. सहासष्टाव्या वर्षी ते अगदी ठणठणीत होतं.

"म्हणजे ह्या माझ्याकडसून गेला," बाबा म्हणाले.

"तुमच्याकडून गेलं, पण तुम्ही काही केलं नाहीत," डॉक्टर म्हणाल्या. "ते कुणाच्या हातात नसतं."

"गेला मां पण," बाबा म्हणाले.

मला गोळ्या सुरू झाल्या, नसा सैल करणाऱ्या, दिवसातून तीन वेळा. मूल होऊ द्यायचं नाही, हे डॉक्टरांनी मला एकटीला बसवून स्पष्ट सांगितलं. मी हो म्हटलं. त्या दिवशी रडले नाही. आठवड्यानं ऑफिसात एका बाळाच्या जन्माची नोंद करताना रडले.

घरी बाबा बदलले. मी खोलीत आले की ते उठून अंगणात जायचे. माझ्या हातचं पाणी घेईनात. आधी मला वाटलं, आता मीच त्यांना झपाटलेली दिसते. मग एके दिवशी भर दुपारी आई घाबरीघुबरी होऊन मला बोलवायला आली. बाबा पाखाडीवर होते. उन्हात, अनवाणी, जेटीपासून घरापर्यंत चढायचे, वळून पुन्हा खाली जायचे. आईनं अडवलं तर ऐकत नव्हते. मी वळणापर्यंत खाली उतरले, हळू, आणि पायरीवर बसले. ते खालून वर आले, घामानं भिजलेले. माझ्यापुढे थांबले तेव्हा त्यांचा श्वास सरळ चालला होता.

"माका धाप लागत नाय गो," ते म्हणाले. "किती पण चढलंय तरी लागत नाय. माझ्यातच रवता ती आणि माकाच धरीत नाय."

मी त्यांचा हात धरून त्यांना बसवलं. त्याच जागी मी त्यांना माझं वाक्य सांगितलं, ताईला बोललेलं, दहा वर्षांनी पहिल्यांदा. त्यांनी ऐकून घेतलं. मला दोष दिला नाही आणि माझी समजूतही घातली नाही. मला तिथं कुणीतरी असल्यासारखं अजूनही वाटत होतं. खरं सांगायचं तर आजही वाटतं. फक्त पूर्वी वाटायचं तिला आमच्याकडून काहीतरी हवं आहे, आता तसं वाटत नाही.

उठताना बाबा म्हणाले, की खारेपाटणला जाऊया.

डॉक्टरांनी सांगितलंच होतं, की भक्तीच्या मुलीला तपासायला हवं, आणि हे तिच्या घरच्यांना कळवणं आमचं काम आहे. आईचा ह्याला विरोध होता. ती म्हणत होती, की त्या लोकांनी आधीच आपल्याला झपाटलेलं म्हटलं आहे, आता कागदावर लिहून द्यायचं का? उद्या त्या पोरीला कोण करून घेईल? आईचं चुकीचं नव्हतं. माझी तीन स्थळं तोपर्यंत आपसूक मागे सरली होती. पण बाबांनी ठरवलं होतं. तळेऱ्याला गाडी बदलून आम्ही दोघं दुपारी बाराच्या सुमाराला खारेपाटणला पोचलो.

विनीत दुकानात होता. आम्हाला बघून उठला आणि मागच्या घरात घेऊन गेला. त्याची आई आता थकली होती, गुडघे धरून माच्यावर बसली होती. सारिकानं पाणी आणलं. इशिता शाळेत गेली होती.

बाबा बसले नाहीत. उभ्यानंच बोलले. "मी त्या दिवशी तुमच्या आवशीक जा काय बोल्लंय ता चुकीचा होता. भक्तीक तुम्ही मारूक नाय. तिका जा झाला ता माझ्या रगतातला. आता आनंदीकव झालाहा. इशिताक तपासूक होया, म्हणान इलंय."

मग मी रिपोर्ट काढला आणि समजावून सांगितलं, डॉक्टरांनी आम्हाला सांगितलं होतं तसं. विनीत मध्येच उठून खिडकीपाशी गेला. त्याला ऐकायचं नव्हतं. एकदाच तो म्हणाला, की तिला काही होत नाही, ती धावते, पोहते, कशाला तिच्या मागे हे लावायचं? ताईही दहावीपर्यंत धावत होती, हे मी सांगितलं.

त्याची आई माझ्याकडे बघून म्हणाली, "माका ती आळशी वाटली गो. बाळंतीण म्हणान बसता, असा वाटला. तोंडार बोल्लंय तिका. ती जिन्यार बसलेली माका अजून दिसता."

"माझ्या तोंडातसून पण ताच इला," मी म्हणाले. "ती मरायच्या आधी. शेवटचा मी ताच बोल्लंय तिका."

म्हातारीनं हात पुढे केला. मी तिच्या शेजारी जाऊन बसले. तिनं माझा हात मांडीवर घेतला. त्या घरात कुणाला कुणाकडे बघवत नव्हतं.

बोलली ती सारिका. तिचं ह्यातल्या कुणाशीच रक्ताचं नातं नव्हतं. ताईला तिनं कधी बघितलंही नव्हतं, भिंतीवरच्या फोटोपलीकडे. तिनं रिपोर्टवरचं डॉक्टरांचं नाव वाचलं आणि विचारलं, की शनिवारी त्या असतात का? इशिताला शनिवारी अर्धा दिवस शाळा असते, ती बुडाली तरी चालेल. विनीत काही बोलणार होता, तर ती म्हणाली, "मी तिची वेणी घालते रोज. मला माहीत नसलेलं काही तिच्या अंगात नको."

शनिवारी ते तिघं कोल्हापूरला आले, आम्हीही तिघं गेलो, आईसुद्धा. दहा वर्षांनी मी इशिताला बघितलं. ताईसारखी रुंद कपाळाची, लांब हातापायांची. ती बाबांच्या पाया पडली तेव्हा बाबा मागे सरले, जणू स्पर्शानं तिला काही लागेल. ती तपासायला आत गेली आणि आम्ही पाचजण बाहेर बाकावर बसलो. अर्ध्या तासानं डॉक्टर कावेरींनी बोलावून सांगितलं, की हृदय नीट आहे, दाब वाढलेला दिसत नाही. आज नाही, एवढंच आपण म्हणू शकतो. दर वर्षी बघत राहायचं. रक्ताची तपासणी आत्ताही करता येईल, किंवा ती मोठी झाल्यावर तिचं तिला ठरवू द्यावं. विनीतला ते जाणून घ्यायचं नव्हतं. सारिकाला हवं होतं. शेवटी इशिता मोठी होईपर्यंत थांबायचं ठरलं, वर्षाची तपासणी मात्र चुकवायची नाही. सारिकानं पुढच्या वर्षीची तारीख तिथेच घेतली.

बाहेर इशितानं मला विचारलं, की आईला काय झालं होतं. घरात तिला फक्त आजारानं गेली एवढंच सांगितलेलं. मी तिला सगळं सांगितलं, ती माझ्या कडेवर होती हेही आणि मी काय बोलले तेही. मुलगी दहा वर्षांची, पण तिच्यापासून पुन्हा काही लपवायची माझी तयारी नव्हती. तिनं ऐकलं. रागावली की नाही हे मला कळलं नाही. दोन दिवसांनी तिचा फोन आला, आईचा आवाज कसा होता हे विचारायला.

ह्याला आता तीन वर्षं झाली. माझा आजार बरा होणारा नाही. गोळ्यांनी तो थोपवून धरला आहे. मी ऑफिसला जाते, जड उचलत नाही. एकदा पावसाळ्यात चार दिवस दवाखान्यात राहावं लागलं. लग्नाचं बोलणं घरात कुणी काढत नाही. खारेपाटणची म्हातारी महिन्यातून एकदा फोन करून माझे पाय सुजलेत का ते विचारते.

यंदाच्या मे महिन्यात इशिताची चौथी तपासणी झाली. ती तेरा वर्षांची आहे, बाबांच्या खांद्याला लागते. डॉक्टरांनी पुन्हा तेच सांगितलं, की आज काही दिसत नाही. बाबा एरवी दवाखान्यात तोंड उघडत नाहीत. त्या दिवशी त्यांनी विचारलं, की हे असं बघत किती वर्षं राहायचं असतं?

"आयुष्यभर," डॉक्टर म्हणाल्या.

बाबांनी इशिताकडे बघितलं. "मगे माका अजून खूप जगूक होया," ते म्हणाले, आणि तिच्या पुढच्या तपासणीची तारीख त्यांनी स्वतःच्या हातानं लिहून घेतली.